नावेच्या छिद्रांचा विचार

संसाराला सागर आणि साधनेला नौका म्हणण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी सर्वपंथमान्य आहे की, ती उपमा योजताना प्रत्यक्ष नावेकडे पाहण्याची आवश्यकता वक्त्यालाही वाटत नाही आणि श्रोत्यालाही वाटत नाही. मुंडकोपनिषदाने यज्ञकर्मांना डळमळीत तराफे म्हटले. भगवद्गीतेने दुसऱ्या अध्यायात, इंद्रियांमागे धावणारे मन प्रज्ञेला कसे ओढून नेते हे सांगताना, वाऱ्याने भरकटलेल्या नावेचा दृष्टान्त दिला आणि चौथ्या अध्यायात ज्ञानालाच नौकेचे रूप दिले. धम्मपदाच्या भिक्खुवर्गात तथागतांनी भिक्षूला आपल्या नावेतील पाणी उपसून ती हलकी करण्यास सांगितले. आणि श्वेतांबर जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात केशी व गौतम यांचा जो प्रसिद्ध संवाद आहे, त्यात शरीर ही नाव, जीव हा नावाडी आणि संसार हा समुद्र असे ठरवून, सच्छिद्र नाव पैलतीरास पोहोचत नाही, निश्छिद्र नाव पोहोचते, असा निर्णय देण्यात आला. या सर्वांत शेवटचा दृष्टान्त मला सर्वांत अधिक विचारणीय वाटतो, कारण त्यात नाव नुसती शोभेसाठी आलेली नाही. तिच्या तळाशी काय चालते याचा हिशेब त्यात आहे. परंतु त्या हिशेबात एक अडचण आहे, आणि ती नावेजवळ गेल्यावाचून दिसत नाही. निश्छिद्र नाव अशी वस्तू जगात जवळजवळ नाहीच. जी नाव चालते, जिच्यात माणसे बसतात, जिच्यावर पाऊस पडतो आणि लाटा चढतात, तिला तिच्या कर्त्यानेच जाणूनबुजून काही छिद्रे ठेवलेली असतात. तर मग छिद्र हे पाप आहे काय, आणि नसेल तर कोणते छिद्र पाप आणि कोणते नाही, हा प्रश्न मला काही काळ अस्वस्थ करीत राहिला आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीने तोडलेले आहेत, आणि तरीही नावेचा विचार या मुलखाला परका नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून, माहुलीवरून कराडास येते. तेथे प्रीतिसंगमावर कोयना तिला मिळते. पुढे औदुंबर, भिलवडी, सांगली अशी वाट काढीत ती हरिपुरास संगमेश्वराच्या पायथ्याशी वारणेला आपल्यात घेते. सांगलीच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, आणि ज्यांनी त्या काठावरून पाहिल्या आहेत त्यांना वल्ह्यांच्या एकसुरी तालाविषयी वेगळे सांगावयास नको. पश्चिमेकडे कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, त्यामागे शिवसागर नावाचा जलाशय साठला, त्यात गावे, शेते आणि पायवाटा बुडाल्या, आणि ज्या माणसांच्या वाडवडिलांनी उभ्या आयुष्यात होडी पाहिली नव्हती त्यांना बामणोली, तापोळा या भागांत यांत्रिक नावा चालविण्याचा व्यवसाय पत्करावा लागला. आज वासोट्यास जाणारा पांथस्थ बामणोलीहून नावेने जलाशय ओलांडतो आणि मग जंगलात शिरतो. नांगराची माणसे सुकाणूवर बसली, हे गेल्या शतकातील आपल्या भागाचे एक मोठे स्थित्यंतर आहे, आणि त्याची दखल आपल्या वाङ्मयाने पुरेशी घेतलेली नाही असे माझे मत आहे.

हौसेने जलविहार करणाऱ्यांची एक नवी जात आता या पाण्यावर येऊ लागली आहे. फायबरची लहान नाव, तिला मागे यंत्र, बसण्यास दोन फळ्या; आणि मालकास मासे गळाला लावण्याचा नाद असेल, तर काठाला गळाची काठी खोचून ठेवण्यासाठी तिरप्या बसविलेल्या नळ्या. सांगलीकडील एका तरुण गृहस्थाने अशी नाव घेतली आणि तिच्या काठाला या नळ्या बसवाव्यात की नाही, याबद्दल माझ्याशी बोलणे काढले. तो दिगंबर जैन कुळातला, घरी चातुर्मास पाळणारा; मासे खाण्याचा प्रश्न नव्हताच. मित्रांच्या संगतीने गळ टाकावा, लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, एवढीच त्याची कल्पना होती, आणि तीही मनाला पुरती पटत नव्हती म्हणूनच तो बोलत होता. मी जन्माने जैन नाही. परंतु कृष्णा आणि वारणा यांच्या दुआबात वाढलेल्या माणसाला जैन विचार शेजारच्या घरातून आपोआप ऐकू येतो. याच वारणाकाठच्या समडोळीस १९२४ साली शांतिसागर महाराजांना आचार्यपद मिळाले आणि १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखनेने, म्हणजे आहार त्यागून, देह ठेवला, ही हकीकत येथील वृद्ध मंडळी आपल्या घरचा वृत्तान्त सांगावा तशी सांगतात. म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच परंपरेत शोधावे, असे मला वाटले.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आस्रवाचा आहे. मन, वाणी आणि काया यांचे जे स्पंदन, त्याच्या द्वारे कर्म आत्म्याकडे वाहत येते. ते येणे म्हणजे आस्रव, ते थोपविणे म्हणजे संवर, आणि आत साठलेले बाहेर काढणे म्हणजे निर्जरा. नावेला पडलेले भोक, ते बुजविणे आणि आतले पाणी उपसणे, ही तीन कामे या तीन तत्त्वांना जुळतात हे जैन ग्रंथकारांनी वारंवार सांगितले आहे आणि बारा अनुप्रेक्षांमध्ये आस्रव, संवर व निर्जरा यांना स्वतंत्र स्थान देऊन श्रावकाने त्यांचे नित्य चिंतन करावे अशी तजवीजही केली आहे. सामान्यतः प्रवचनकार येथपर्यंत येतात आणि थांबतात. मला वाटते, खरा विचार येथून पुढे सुरू होतो.

गळाची नळी बसविणे ही क्रिया प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. नावेच्या वरच्या काठाला, हाताच्या मुठीएवढे म्हणता येईल असे गोल भोक पाडतात, त्यात नळी उतरवितात आणि तिच्या कडेची चकती स्क्रूंनी आवळतात. वरून पाहता काम तेवढेच. पण पुष्कळ फायबरच्या नावांमध्ये काचतंतूच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवूडचा किंवा हलक्या लाकडाचा गाभा असतो; भोक पाडले की तो गाभा उघडा पडतो, आणि स्क्रूच्या प्रत्येक छिद्रातून पावसाचे पाणी थेंबाथेंबाने त्या लाकडात मुरते. बाहेरचा पृष्ठभाग चकचकीत राहतो, आतले लाकूड कुजून भुगा होते, आणि एखाद्या दिवशी मोठा मासा काठी ओढतो तेव्हा नळी स्क्रूंसकट उपसून येते. जाणता कारागीर म्हणून प्रथम हवे त्यापेक्षा मोठे भोक पाडतो, कडेचा गाभा थोडा कोरून काढतो, ती जागा इपॉक्सीने भरतो, ती घट्ट झाल्यावर तिच्यातच पुन्हा योग्य मापाचे भोक घेतो, आणि मग सीलंट लावून नळी बसवितो. म्हणजे भोक लाकडातून न जाता राळेतून जाते आणि गाभ्याला पाण्याचा स्पर्श होत नाही. दुसरी गोष्ट नळीच्या खालच्या टोकाची. ते टोक उघडे असेल तर नळीत पडणारा सगळा पाऊस नावेच्या पोटात उतरतो. ते बंद असेल तर पाणी नळीतच साचते. म्हणून बंद टोकाला एक बारीक निचऱ्याची वाट काढून तिला रबरी नळी जोडतात आणि ते पाणी नावेबाहेर नेऊन सोडतात. एका इच्छेसाठी एक भोक, त्या भोकाच्या कडा राखण्यासाठी एक उपाय, आणि त्यातून शिरणाऱ्या पाण्यासाठी आणखी एक भोक: हौसेचा असा तपशील आहे, आणि तो मांडून ठेवल्यावाचून हौसेची किंमत कळत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात संवराची साधने सांगताना गुप्तींच्या जोडीला पाच समिती दिल्या आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेप आणि उत्सर्ग. गुप्ती म्हणजे आवरणे, प्रवृत्तीच रोखणे. समिती म्हणजे प्रवृत्ती करावीच लागली तर ती सावधपणे करणे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जपावे ही आदान-निक्षेप समिती, आणि टाकाऊ द्रव्य जेथे कोणत्याही जीवास उपद्रव होणार नाही अशा ठिकाणी विसर्जन करावे ही उत्सर्ग समिती. मुनींसाठी सांगितलेले हे नियम आहेत, परंतु नावेवरील दोन कामांकडे पाहिले तर, काठी कोठे आणि कशी ठेवावी, पाणी कोठे आणि कसे सोडावे, हे जे आपले दोन प्रश्न, त्यांना पाचांपैकी दोन समिती वाहून दिलेल्या आहेत, हे पाहून मला विस्मय वाटला. ज्या धर्माने सर्वसंगपरित्यागी पुरुषाला कमंडलू कोठे ठेवावा हे सांगण्यात कमीपणा मानला नाही, त्याला कृतीच्या सूक्ष्म तपशिलात धर्म असतो हे पक्के ठाऊक होते.

निक्षेपाचा विषय याहून खोल आहे. सहाव्या अध्यायातच आस्रवाच्या अधिकरणाचा, म्हणजे कर्म ज्याच्या आश्रयाने घडते त्याचा, विचार आला आहे. जीवाच्या बाजूने त्याचे एकशे आठ भेद मोजले आहेत: संरंभ, समारंभ आणि आरंभ, म्हणजे संकल्प, सामग्री आणि प्रारंभ हे तीन, ते मन, वाणी, कायेने तिप्पट, स्वतः केलेले, करविलेले आणि अनुमोदिलेले म्हणून पुन्हा तिप्पट, आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी चौपट. जपमाळेच्या १०८ मण्यांचा संबंध या गणनेशी लावला जातो. आणि निर्जीव वस्तूंच्या बाजूने जे चार प्रकार सांगितले त्यांत निर्मिती, संयोग आणि प्रेरणा यांच्याबरोबर निक्षेप, म्हणजे वस्तू ठेवून देणे, हाही आहे. मी हे वाचले तेव्हा त्या तरुणाच्या नळीचा सगळा मामला माझ्यापुढे उघडा झाला. गळाची काठी हातात धरली असता माणूस त्या कृत्याच्या समोर असतो; दोरी ताणली की ताण त्याच्या मनगटाला कळतो, पाण्याखाली एक जीव धडपडत आहे ही वार्ता त्याच्या देहात शिरते, आणि त्या वार्तेपासून त्याला पळता येत नाही. काठी नळीत खोचली की हात मोकळा झाला. माणूस शिदोरी सोडतो, गप्पा मारतो, डुलकी घेतो. गळ मात्र पाण्यात आपले काम करीत राहतो. कृत्य चालू आणि कर्ता रजेवर, अशी ही व्यवस्था आहे. हात मोकळा झाला म्हणून कर्म सुटले काय? अधिकरणाचा विचार करणाऱ्या शास्त्राने याचे उत्तर निःसंदिग्ध दिले आहे. ठेवून देणे हेही करणेच आहे, आणि ते प्रमादाने, म्हणजे भान न ठेवता केलेले असेल, तर अधिकच.

आजच्या आपल्या जीवनाचा केवढा मोठा भाग या निक्षेपाने व्यापला आहे याचा विचार केला असता मन गंभीर होते. व्याजाने लावलेला पैसा, खंडाने दिलेले शेत, दुसऱ्याच्या सहीने चालणारा कारखाना, एकदा हुकूम देऊन विसरलेले दप्तर, हे सर्व आपण खोचून ठेवलेले गळ आहेत, आणि आपण झोपलो असताही त्यांची टोके कोणाच्या ना कोणाच्या जबड्यात असतात. हातात काठी धरणारा भोई मला यापेक्षा अधिक जागृत वाटतो. येथे माझे मत शास्त्राच्या काटेकोर वर्गीकरणास सोडून जाते, हे मी जाणून आहे. गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगून त्यांतील संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या, हिंसेचा त्याग श्रावकास अनिवार्य केला आहे, आणि मासेमारीला या मांडणीत उपजीविकेचा आडोसा मिळत नाही. तरीही कृष्णेकाठच्या भोयांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जाळ्यावर मुले वाढविली ते जाळे, आणि पोट भरलेल्या माणसाने करमणुकीसाठी टाकलेला गळ, यांना एकाच तागडीत घालण्यास माझे मन राजी होत नाही. जो मासा पकडून पुन्हा सोडून देतो त्याने तर भुकेचेही निमित्त ठेवलेले नाही. त्याला केवळ दुसऱ्याच्या प्राणांतिक धडपडीचा ताण आपल्या हाताला जाणवावयास हवा आहे. मी त्या तरुणाला हे याच शब्दांत सांगितले. नळी बसवावयाची असेल तर बसव, तीत रात्रीचा कंदील अडकवता येईल, उन्हाची छत्री उभी करता येईल. गळ मात्र नको.

नळीचा निकाल असा लागला, परंतु छिद्राचा लागला नाही. त्यासाठी निचऱ्याकडे वळले पाहिजे, कारण माझ्या दृष्टीने या सर्व विषयाचे मर्म तेथे आहे.

साध्या नावेत शिरलेले पाणी तळाशी साठते आणि ते डब्याने किंवा पंपाने उपसावे लागते. तळाजवळ मागच्या फळीला एक भोक असते, त्याला बूच असते. नाव काठावर ओढली की बूच काढून पाणी सोडतात आणि नाव पाण्यात लोटण्यापूर्वी ते घट्ट बसविले की नाही याची खातरजमा करतात. परंतु काही नावांची रचना निराळी असते. त्यांच्यात पाय ठेवण्याची फळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा काही बोटे उंच ठेवलेली असते, आणि त्या फळीच्या कडेला नावेच्या अंगातून आरपार मोऱ्या काढलेल्या असतात. लाट आत आली, पाऊस पडला, की पाणी फळीवरून उताराने त्या मोऱ्यांकडे जाते आणि आपल्याच भाराने बाहेर पडते. उपसणाऱ्याची गरज राहत नाही. या मोऱ्या कायमच्या उघड्या असतात. म्हणजे येथे नावेचा जीव वाचविणारी वस्तू हीच मुळी छिद्र आहे, आणि एखाद्या अतिसावध माणसाने भीतीने ती बुजविली तर पहिल्या मोठ्या पावसात नाव काठोकाठ भरेल.

आता या नावेत ठरल्यापेक्षा अधिक माणसे बसवा, अधिक सामान लादा. आर्किमिडीजच्या सिद्धान्ताप्रमाणे नाव आपल्या एकूण भाराइतके पाणी बाजूस सारीपर्यंत खाली बसते. भार वाढला की ती अधिक खाली जाते, आणि ज्या क्षणी ती फळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली गेली त्या क्षणी त्याच मोऱ्यांतून पाणी उलट आत येऊ लागते. मोरी तीच, तिचे माप तेच, तिला कोणी हातही लावलेला नाही. निर्गमाची वाट आता आगमाची झाली. पाणी आत आले की भार वाढला, भार वाढला की मोरी अधिक खोल गेली, आणि खोली वाढली की ओघाचा जोर वाढला. पाण्याखाली एक वीत खोलीवर असलेल्या इंचभर व्यासाच्या छिद्रातून मिनिटाला तीसएक लिटर पाणी आत येऊ शकते; दहा मिनिटांत चार-पाच माणसांच्या वजनाइतके उतारू नावेत न बोलावता येऊन बसतात. शिवाय हे उतारू एका जागी बसत नाहीत. नाव ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस ते सगळे धावतात, आणि कललेल्या नावेला अधिक कलवितात.

म्हणून माझे म्हणणे असे की, छिद्र आस्रवाचे आहे की निर्जरेचे आहे हे छिद्र ठरवीत नाही. नावेचा भार ठरवितो. ही गोष्ट मान्य केली तर साधनेच्या क्रमाविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. आपण सामान्यतः इंद्रियांची द्वारे बंद करण्याच्या प्रयत्नाने आरंभ करतो. डोळ्याला दोष देतो, जिभेला दोष देतो, कानाला दोष देतो, आणि ती द्वारे बुजविण्याच्या खटपटीत आयुष्य वेचतो. परंतु परिग्रह कमी असलेल्या माणसाच्या त्याच डोळ्यातून करुणा बाहेर वाहते, त्याच जिभेतून सांत्वन बाहेर पडते, आणि त्याचे घर लोकांसाठी उघडे असते ते त्याला बुडवीत नाही. तोच माणूस संपत्तीने, मानाने, वैराने जड झाला की त्याच द्वारांतून लोभ आणि मत्सर आत येऊ लागतात, आणि तो बिचारा द्वारांना दोष देत बसतो. पाच व्रतांच्या गणनेत अपरिग्रह शेवटी येतो. नावेच्या तळाशी उभा राहून पाहिले असता मला तो पहिला वाटतो. शास्त्राने योगालाच, म्हणजे मन, वाणी आणि कायेच्या स्पंदनालाच, आस्रव म्हटले आहे आणि शुभ कर्माच्या येण्यालाही आस्रवच मानले आहे, तेव्हा माझी ही मांडणी कोणा पंडिताला सैल वाटेल. अंतिम अवस्थेत सर्व द्वारे मिटावयाची आहेत हे मी नाकारीत नाही. मी बोलत आहे तो अजून पाण्यात असलेल्या, घरदार सांभाळणाऱ्या माणसाविषयी. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच समर्थांनी प्रपंच नेटका करण्यास परमार्थविवेकाच्या आधीचे स्थान दिले, ते याच माणसासाठी. आणि सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना यात काही परके वाटण्याचे कारण नाही.

भाराचा विषय निघाला की सांगली जिल्ह्यातील माणसाच्या मनात एक तारीख उभी राहिल्यावाचून राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात येरळा जेथे कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळजवळ, पुराने वेढलेल्या माणसांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. वर मी भार, परिग्रह आणि बुडणे यांविषयी जे लिहिले त्याचा एक शब्दही त्या माणसांना लावू नये, अशी माझी विनंती आहे. त्या नावेत जे चढले ते लोभाने चढले नव्हते. मागे पाणी वाढत होते आणि समोर एकच नाव होती. कर्मसिद्धान्ताचा सर्वांत क्रूर दुरुपयोग म्हणजे दुसऱ्याच्या आपत्तीवर त्याच्या पूर्वकर्माचा शिक्का मारणे. आस्रवाचा हिशेब ज्याने त्याने आपल्या नावेचा ठेवावयाचा आहे. दुसऱ्याची नाव बुडताना दिसली तर तेथे हिशेब नाही, दोर फेकणे आहे. आणि पूर येण्यापूर्वी गावात पुरेशा नावा, पुरेशी जाकिटे आणि शिकलेले नावाडी असावेत याचा बंदोबस्त करणे हा आपला सर्वांचा धर्म आहे.

नाव किती लादावी यावर पाश्चात्त्य देशात एक मोठा लढा झाला आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात मालक आपली जहाजे बेसुमार लादून पाठवीत आणि खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिमसॉल या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून १८७६ साली कायदा करविला, आणि प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविणे आवश्यक झाले. तथापि ती रेषा कोठे काढावी हे त्या कायद्याने प्रथम मालकावरच सोपविले होते. पुढे १८९० साली ते सरकारने आपल्या हाती घेतले. हा इतिहास वाचताना मला श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताची आठवण होते. शेत इतके, घरे इतकी, सोने इतके, धान्य इतके, यापलीकडे नाही, अशी मर्यादा गृहस्थाने स्वतः घालून घ्यावयाची असते, आणि रेषा स्वतः काढावयाची म्हटली की ती थोडी वर सरकविण्याचा मोह मालकाला होतो तसाच तो श्रावकालाही होतो. म्हणूनच हे व्रत एकान्तात न घेता गुरूसमोर घेण्याची वहिवाट पडली असावी. साक्षीदार असला की रेषेला स्थैर्य येते. इंग्लंडने जे काम अखेर सरकारी अंमलदारावर सोपविले ते या परंपरेने साक्षीवर आणि स्वतःच्या लाजेवर सोपविले आहे. यांतील कोणता मार्ग अधिक खात्रीचा हे मी सांगू शकत नाही, परंतु दुसरा मार्ग मोडला असता सर्वांत आधी कोणाला कळते हे स्पष्ट आहे.

उत्सर्गाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. यंत्र असलेल्या नावेच्या तळाशी जे पाणी साठते ते नुसते पाणी नसते. त्यात तेल असते, इंधनाचा अंश असतो. पंपाची कळ दाबली की ते नदीत जाते आणि आपली नाव स्वच्छ होते. पण कृष्णेकाठच्या गावांत जे नळाला येते ते याच नदीतून येते. स्वतःची निर्जरा दुसऱ्याच्या घागरीत करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानून ते गाळून पिणाऱ्या कुळातील माणसाला हे मी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. तेल शोषून घेणारे फडके तळाशी ठेवावे, जमलेले तेलपाणी डब्यात उपसून काठावर आणावे, नदीत सोडू नये. किर्लोस्करवाडीसारखी पंपांसाठी नावाजलेली जागा याच जिल्ह्यात आहे, तेव्हा पाणी उपसण्याचे ज्ञान आम्हाला कोणी शिकवावयास नको. ते कोठे सोडावे एवढेच शिकावयाचे आहे.

त्या तरुणाला शेवटी मी जे सुचविले ते असे. नळ्यांचा विचार तूर्त बाजूस ठेव. वारा नसलेल्या सकाळी नाव संथ पाण्यात उतरव. जितकी माणसे आणि जितके सामान तू कधीकाळी नेशील असे वाटते तितके सर्व तीत भर, यंत्रात इंधन पूर्ण घाल, आणि काठावर एका माणसाला उभे करून पाणी नावेच्या अंगाला कोठे लागते ते खडूने आखून घे. मोऱ्या त्या खुणेच्या वर राहतात की खाली जातात ते पाहा. खाली जात असतील तर मोऱ्यांना बूच मारण्याचा विचारही मनात आणू नकोस. सामान उतरव, माणसे कमी कर, आणि मोऱ्या पाण्याच्या चार बोटे वर येतील तेथे पक्क्या रंगाने रेघ ओढ. आखताना वडिलांना बरोबर ने.

त्याने मान डोलावली आणि विचारले की, रेघ दोन्ही बाजूंना काढावी की एकाच. मी म्हटले, दोन्ही बाजूंना, आणि एक मागच्या फळीवर. कारण यंत्राचे वजन मागे असते आणि नाव बहुधा तिकडूनच आधी बसते.